लाल पेन्सिलीची ओळ

ते वाक्य मीच लिहिलं होतं. ‘मोजणीदार यापुढे मोजणी करणार नसेल, तर त्याची नोंद बंद करण्यासाठी हे टूल वापरावे.’ व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही. मराठी घेऊन एम. ए. केलेल्या बाईने लिहावं तसंच ते आहे. बाबांचा आवाज या वाक्यामुळे गेला, हे कळायला मला त्यांच्या मृत्यूनंतर तीन आठवडे लागले.

मी वाशीमला एका संस्थेत काम करते. जिल्ह्यातल्या काही गावांत विहिरींच्या पाण्याची पातळी मोजण्याचं काम संस्थेकडे आहे. खरं तर मोजतात ती गावातलीच माणसं. टेपच्या टोकाला लोखंडी वजन बांधायचं, ते विहिरीत सोडायचं, वजन पाण्याला टेकलं की काठाजवळचा आकडा वाचायचा आणि फोन करून आम्हाला सांगायचा. दर सोमवारी. या माणसांना आम्ही मोजणीदार म्हणतो. आमच्या गावचे मोजणीदार बाबा होते. गाव मेडशीच्या जवळ. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे चार विहिरी होत्या आणि त्या चार विहिरींच्या जोरावर ते सोमवारी कुणाच्या लग्नालाही जात नसत.

पूर्वी हे फोन ऑफिसातल्या एक बाई घ्यायच्या; प्रत्येक फोनचा आवाज निरोप म्हणून साठवला जायचा, अजूनही जातो. गावं वाढली, फोन वाढले, तेव्हा संस्थेने एआय एजंट आणला. आता फोन तोच उचलतो, बाईच्या आवाजात बोलतो, आकडा ऐकतो आणि लिहून ठेवतो. मोजणी आली नाही तर संध्याकाळी स्वतःहून फोन करतो. ही व्यवस्था तयार करणारी प्रोग्रामर पुण्यात बसते. ती माझ्याहून बरीच लहान आहे, मला ताई म्हणते. तिने पहिल्याच दिवशी मला समजावलं, “ताई, एजंट स्वतः काही करत नाही. त्याच्या हाताशी टूल असतात. एक आकडा लिहिण्याचं, एक जुना आकडा शोधण्याचं, एक मोजणी पुढे ढकलण्याचं. पण ती टूल आतून कशी चालतात ते त्याला दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव आणि खाली लिहिलेलं वर्णन. तेवढ्यावरून तो कोणतं उचलायचं ते ठरवतो. जे लिहिलं नाही ते त्याच्यासाठी नाहीच.”

“मग ते वर्णन तू लिही ना.”

“सध्या मी लिहिलेलंच चालतंय, पण ते मलाच कळतं. फोनवर लोक कसे बोलतात ते तुम्हाला माहीत आहे.”

अशी पंधरा टूल माझ्याकडे आली. एकेका टूलसाठी पाच-सहा ओळी. मला वाटलं, दोन दिवसांचं काम असेल. दीड महिना लागला, आणि त्यातला बराचसा वेळ आमच्या गावच्या घरात, ओट्यावर, बाबांच्या समोर बसून गेला.

बाबा गावाजवळच्या हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होते. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा बाबा अजून जन्मले नव्हते. पण शिकायचं, हे त्या दिवशी घरात ठरून गेलं होतं. बाबा दहावीपर्यंत शिकले आणि पुढची तीस वर्षं विज्ञानाच्या कपाटांची किल्ली त्यांच्या कमरेला होती. शिक्षक बदलून जायचे. नवा शिक्षक आला की कपाट उघडून तासभर बघत बसायचा, कारण प्रत्येक बाटलीला, प्रत्येक उपकरणाला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असायची. हे काय आहे. केव्हा घ्यायचं. केव्हा घ्यायचं नाही. आणि शेवटी एक ओळ लाल पेन्सिलीने. आम्लाच्या बाटलीवर: ‘हे पाण्यात थेंब थेंब. ह्यात पाणी कधीच नाही.’ स्पिरीटच्या दिव्यावर: ‘फुंकू नये. टोपण ठेवावे.’ सूक्ष्मदर्शकावर: ‘भिंग खाली आणताना डोळा बाजूला ठेवून बघावे. फुटलेले भिंग शाळेला परत मिळत नाही.’ मी त्याच शाळेत शिकले. वर्गातल्या मुली म्हणायच्या, तुझे वडील बाटल्यांना पत्रं लिहितात.

एजंट म्हटल्यावर ते आधी हसले. “कायचा एजंट? इम्याचा?”

“नाही हो बाबा. तुम्ही सोमवारी ज्या बाईशी बोलता ना फोनवर, ते.”

“ते बाई एजंट हाय? मले वाटलं तुमच्या हापिसात कोनी नवीन लागली. बोलते मोठी गोड. मी तिले दोन-तीनदा पोराबाळायचं बी इचारलं.”

“मग काय म्हणाली?”

“आकडा सांगा म्हने.”

आई आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, “घरात बायको बोलते तं ऐकू येत नाही. मशीनच्या बाईले पोरंबाळं इचारते हा मानूस.”

मी त्यांना वर्णन लिहायचं काय असतं ते सांगितलं. त्यांना समजावून सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. पुण्याच्या मुलीला जे मला पटवायला आठवडा लागला होता, ते त्यांनी तीस वर्षं केलं होतं. ते चष्मा लावून म्हणाले, “वाच. मी मशीन हाय. मले काहीच माहीत नाही. तू वाचशीन तेवढंच मले समजते.”

मी पहिलं वाचलं. ‘विहिरीच्या पाण्याची पातळी नोंदवण्यासाठी हे टूल वापरावे. आकडा मीटरमध्ये घ्यावा.’

“बरं. आता मी पल्याडच्या गावचा मानूस हाय. मी फोन करून सांगतो, इहिरीत दोन मीटर पानी हाय. मशीन काय लिहीन?”

“दोन.”

“अन् तुले काय पाह्यजे?”

मला हवं होतं ते काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर. पाणी कमी झालं की तो आकडा वाढतो. तो माणूस सांगत होता विहिरीत किती पाणी उरलं आहे ते. दोन्ही मीटरमध्येच असतं. एजंटने इमानदारीने दोन लिहिले असते आणि आमच्या नकाशावर भर उन्हाळ्यात ती विहीर काठोकाठ भरली असती.

“हे आधी काहून नाही लिव्हलं?”

“सगळ्यांना माहीत आहे ना बाबा, काठापासून मोजतात.”

“कोनाले माहीत हाय? तुले माहीत हाय. मले माहीत हाय. मशीनले कोनी सांगतलं?”

त्या दिवशी वर्णनात ओळ वाढली: ‘बोलणारा काठापासूनचे अंतर सांगतो आहे की विहिरीतले पाणी, हे कळत नसेल तर नोंदवू नये, विचारावे.’ पुढचे चार-पाच शनिवार असेच गेले. बाबा मशीन व्हायचे आणि मुद्दाम चुकायचे. मी सांगितलेल्या शब्दांत जेवढी म्हणून फट असेल, तिच्यातून ते बाहेर पडून दाखवायचे. ‘मोजणी थांबवा’ या टूलचं वर्णन मी ‘मोजणीदार उपलब्ध नसल्यास’ असं लिहिलं होतं. ते म्हणाले, “मी फोन नाही उचलला तं मी उपलब्ध नाही. मंग माही मोजणी थांबवशीन का तू? मी संडासले गेलो असन.” आई आतून हसली. मी ते बदलून ‘मोजणीदार स्वतः किंवा त्याच्या घरचे, काही काळ मोजणी जमणार नाही असे सांगतील तेव्हा’ असं केलं.

लाल पेन्सिलीच्या ओळीबद्दल मी त्यांना तेव्हाच विचारलं होतं. कोणत्या गोष्टीला ती ओळ लागते, ते कसं ठरवायचं?

“त्यात काय ठरवाचं? जे केल्यावर वापस होत नाही, त्याले लाल. पोरगं चुकलं, पानी सांडलं, त्याले लाल नाही लागत. फडकं मारलं की झालं. आम्ल हातावर पडलं तं मंग चिठ्ठी वाचून काय फायदा?”

चौदा टूल वाचून झाली. पंधरावा कागद मी पिशवीतून काढला नाही.

त्यावर नाव होतं ‘मोजणीदाराची नोंद बंद करा’. पुण्याच्या मुलीने कारण म्हणून लिहून पाठवलं होतं: मृत्यू, गाव सोडणे, किंवा काम सोडणे. आदल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं होतं, त्यांना अकोल्याला नेऊन आणलं होतं. त्यानंतर आमच्या घरात काही शब्द बोलले जात नव्हते. हे कुणी ठरवलं नव्हतं. आई वावराच्या कागदांची गोष्ट निघाली की उठून जायची. मी ‘पुढच्या वर्षी’ असं म्हणताना थांबायची. अशा माणसासमोर बसून, मोजणीदाराचा मृत्यू झाल्यास असं मोठ्याने वाचायचं, आणि मग त्यांनी चष्मा सारखा करून म्हणायचं, बरं, आता मी मेलो, मशीन काय करीन? ते नक्की तसंच म्हणाले असते. त्यांना काही वाटलं नसतं. वाटलं असतं ते मला.

“सरले का?” त्यांनी विचारलं.

“सरले,” मी म्हटलं.

ते शेवटचं वर्णन मी रविवारी संध्याकाळी, वाशीमला परतताना एसटीत लिहिलं. मांडीवर पिशवी, पिशवीवर वही. मृत्यू हा शब्द मी कागदावर घेतलाच नाही. ‘यापुढे मोजणी करणार नसेल’ असं लिहिलं. ते मला सभ्य वाटलं. पुण्याच्या मुलीने खाली आणखी एक ओळ दिली होती. नोंद बंद झाली की माणसाचं नाव, फोन क्रमांक आणि त्याच्या आवाजातले निरोप चौदा दिवसांनी पुसले जातात, माणसाची खाजगी माहिती कारणाशिवाय ठेवायची नाही म्हणून. ती ओळ मी वाचली. ही आतली व्यवस्था आहे, वर्णनात कशाला, असं वाटून सोडून दिली. मेडशी मागे पडायच्या आत लिहून झालं होतं. बाकी चौदांना दीड महिना लागला होता.

बाबा गेले ते सोयाबीन निघाल्यावर, एका गुरुवारी, सकाळी. आंघोळीचं पाणी काढून ठेवलं होतं आणि ते ओट्यावर बसले होते. आईने दोनदा हाक मारली. त्याहून जास्त मला लिहिता येत नाही. गावातले लोक आले, पांढरे कपडे आले, विहारातून भंतेजींना बोलावणं गेलं. त्रिशरण म्हणताना मी ओठ हलवत होते. आवाज माझा नव्हता.

चौथ्या दिवशी सोमवार होता. बाबांचा फोन बटणांचा, साधा. तो वंदनेच्या कोनाड्याजवळच्या खिळ्याला, त्यांच्या पिशवीत तसाच लटकत होता. संध्याकाळी तो वाजला. घरात माणसं होती. मी मागच्या अंगणात पाहुण्यांना चहा देत होते. आईने फोन घेतला.

त्या फोनचं मला नंतर कळलं. तेव्हा कळलं ते एवढंच की आई बाहेर येऊन म्हणाली, “तुह्या हापिसातून फोन होता. सांगतलं त्यायले.” मी मान हलवली.

जलदानाच्या कार्यक्रमाला सगळे नातेवाईक येऊन गेले. दुपारी घर रिकामं झालं तेव्हा आई माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, “त्यायचा आवाज तुह्या हापिसात असन ना? दर सोमवारचा?”

“आहे ना.”

“सगळा?”

“सगळा. इतक्या वर्षांचा आहे.”

“मले एकडाव ऐकव. आता नको. जरा दिवस जाऊ दे.”

आमच्या घरात बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. फोटो होते. लग्नाच्या व्हिडिओत ते एका बाजूला उभे होते, आवाज सगळा बँडचा. त्यांच्या फोनमध्ये काही राहायचं नाही. ते बोलायचे ते दर सोमवारी, आमच्या संस्थेच्या फोनवर. आणि ते नुसता आकडा सांगणारे नव्हते. शाळेमागच्या विहिरीवर कोणतं पाखरू बसलं होतं, कुणाच्या वावरात तूर कशी आहे, हे सगळं सांगून मग आकडा. त्या बाईला ते ऐकवायचे. म्हणून मी आईला सांगितलं, आहे, कुठे जात नाही. आणि मी उठून बघितलं नाही. मलाही दिवस जाऊ द्यायचे होते.

एकविसाव्या दिवशी मी ऑफिसात गेले. कॉम्प्युटर सुरू केला आणि पहिल्यांदा त्यांचं पान उघडलं. चार विहिरींचे आकडे होते. पहिल्या सोमवारपासूनचे. नावाच्या जागी रेघ होती. निरोपांच्या जागी लिहिलं होतं, ‘काही नाही’.

एजंट प्रत्येक फोनवर काय बोलला आणि कोणतं टूल का वापरलं, त्याची नोंद वेगळी राहते. ती मी काढून वाचली. आवाज नव्हता, मजकूर होता.

एजंट: नमस्कार. या सोमवारची मोजणी अजून आली नाही. सांगता का?

आई: ते वारले बाई. गुरुवारी वारले.

एजंट: ऐकून फार वाईट वाटले. तुम्हाला त्रास दिला, माफ करा. आता मोजणी दुसरे कोणी करणार आहे का?

आई: आता कोन करनार? कोनी नाही.

एजंट: ठीक आहे. मग मी त्यांची नोंद बंद करू का?

आई: करा.

खाली एजंटने कारण लिहिलं होतं. मोजणीदार यापुढे मोजणी करणार नाही. वर्णनानुसार योग्य टूल हेच. शब्द माझेच होते.

मी पुण्याला फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “ताई, तीन दिवसांपूर्वी पुसले गेले. मी सगळीकडे बघते, पण मुद्दामच असं केलंय की परत आणता येऊ नये.”

“एजंट चुकला का?”

“नाही,” ती हळू म्हणाली. “त्याने विचारलंसुद्धा. पण काय जाणार आहे ते त्याला माहीत नव्हतं, तर तो सांगणार कुठून? आणि ताई, ती ओळ मी तुम्हाला दिली होती.”

“दिली होतीस.”

“मीपण नंतर परत वाचायला हवं होतं. बाकीची चौदा इतकी नीट होती, की मला वाटलं हेही तसंच असेल.”

त्या शनिवारी मी गावी गेले. आईला काय आणि कसं सांगायचं, ते एसटीत बसून मनात जुळवत होते. वाशीमपासून गावापर्यंत मी एकच वाक्य दहा तऱ्हांनी करून पाहिलं आणि प्रत्येकात चूक दुसऱ्याची होत होती. यंत्राची, नियमाची, चौदा दिवसांची.

आई ओट्यावर तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. मी समोर बसले, सुपातल्या शेंगा घेतल्या, आणि सांगितलं.

तिने सोलणं थांबवलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “म्हन्जे म्याच बंद केलं का?”

“नाही. तू नाही.”

“मीच म्हनलं ना, करा.”

“तुले कोनी सांगतलं होतं का काय बंद होनार हाय ते? ते सांगणं माह्यं काम होतं. मी लिव्हलं नाही.”

“काहून?”

मग मी तिला पंधराव्या कागदाचं सांगितलं. पिशवीत ठेवला होता तो. बाबांनी ‘सरले का’ विचारलं होतं ते. आई माझ्याकडे बघत राहिली. रागावेल असं वाटलं. ती म्हणाली, “वाचाचं होतं व माय. हासले असते ते.”

आणि मग ती रडली. गुरुवारनंतर माझ्यासमोर पहिल्यांदाच. शेंगा तशाच मांडीवर.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून फोन आला. “ताई, एक सापडलाय. एकच.” एजंटला जो निरोप समजत नाही, किंवा ज्यात आकडा नसतो, तो आपोआप वेगळा काढून ठेवला जातो, माणसाने ऐकावा म्हणून. तिथे तो निरोप विहिरीच्या नावाने असतो, माणसाच्या नावाने नाही. त्यामुळे तो पुसला गेला नव्हता. पावसाळा संपताना केव्हातरीचा होता. कुणी ऐकलाच नव्हता. ऐकण्याचं काम माझ्याकडे होतं.

तो मी एकटीने ऐकला नाही. शनिवारी गावी नेला आणि आईजवळ बसून माझ्या फोनवर लावला. अकरा सेकंद.

“हॅलो. शाळेमागची इहीर आज झाली नाही बाई. टेप मधातच अटकला.” मग थोडा वेळ काही नाही, नुसतं वारं आणि श्वास. “पुढच्या सोमवारी पाहू. बाकी बरं हाय.”

आईने तो पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर म्हणाली, “टेप नाही अटकला.”

“मग?”

“त्या इहिरीले जाताना चढ हाय. तुले मालूम हाय. दम ऐक ना त्यायचा. चढता नाही आलं, अर्ध्यातून वापस आले अन् टेपवर ढकललं.” मग खालच्या आवाजात, “मले नाही सांगतलं. घरी आले, चा घेतला, मले म्हने झाल्या चारही.”

बाबांनी चिठ्ठीवर कधी खोटं लिहिलं नव्हतं. फोनवरच्या बाईला मात्र सांगून टाकलं होतं, टेप अडकला. तिला खरं सांगून काही उपयोग नव्हता आणि आम्हाला सांगायचं नव्हतं. मी पिशवीत कागद ठेवला, त्यांनी विहीर टेपवर ढकलली. आणि तो निरोप दोन महिने माझ्या कामाच्या ढिगात पडून होता.

पंधरावं वर्णन मी त्या दुपारी आईसमोर बसून पुन्हा लिहिलं. या वेळी मोठ्याने वाचलं. मृत्यू हा शब्द वाचताना थांबले, मग वाचला. आई कधी मशीन झाली नाही; तिला तो खेळ जमत नाही. ती म्हणाली, “मी मीच राह्यतो. तू वाच.”

मी वाचलं की एजंटने आधी घरच्यांना विचारावं: आवाज ठेवायचा आहे की पुसायचा.

“कवा इचारन?”

“बातमी कळेल तेव्हा. त्याच फोनवर.”

“नको. त्या दिवशी कायलेच इचारू नको म्हना. त्या दिवशी मानूस कायले बी हो म्हनते. मले कोनी इचारलं असतं ना, का घर पाडू का, तं मी म्हनलं असतं पाडा.”

मी ते लिहून घेतलं. दिवस किती जाऊ द्यावेत, तेही तिलाच विचारलं. ती विचार करून म्हणाली, “महिना तं जाऊ द्या.” घरात इतर कोणाशी बोलावं का, विचारल्यावर म्हणाली की जो फोन उचलेल त्याच्याशी बोलू नका, ज्याचं माणूस होतं त्याला बोलवा. तेही लिहिलं. तिला वाचता येतं, पण लिहिलेल्यातली फट ती बाबांसारखी शोधत नव्हती. ती आपल्यावर आलेला सोमवार परत सांगत होती, आणि मी तो वर्णनात उतरवत होते.

एजंटला रंग दिसत नाही. लाल पेन्सिल तिथे चालत नाही. म्हणून बाबा जी ओळ शेवटी लिहायचे, ती मी सगळ्यात वर नेली.

‘या टूलने पुसलेला आवाज परत मिळत नाही. मोजणीदाराचा मृत्यू झाला असेल किंवा त्याने काम कायमचे सोडले असेल, तरच हे वापरावे. काही दिवस थांबायचे असेल तर “मोजणी थांबवा” हे वापरावे. हे वापरल्यावर विहिरींचे आकडे राहतात. नाव, फोन क्रमांक आणि आवाजातले सगळे निरोप जातात, हे घरच्यांना आधी सांगावे. मृत्यूची बातमी ज्या फोनवर कळली, त्या फोनवर हे वापरू नये. त्या दिवशी फक्त मोजणी थांबवावी आणि फोन ठेवावा. एक महिन्याने त्या माणसाच्या जवळच्या व्यक्तीला फोन करून आवाज हवा आहे का ते विचारावे. उत्तर यायला वेळ लागला तर थांबावे. गप्प बसणे म्हणजे हो नव्हे.’

पुण्याच्या मुलीने ते वाचून एवढंच कळवलं, “असंच ठेवू.” तिने आणखी एक केलं. तो अकरा सेकंदांचा निरोप आईच्या नावाने जोडला, म्हणजे नव्या वर्णनाप्रमाणे आईलाही विचारलं जाईल. मी म्हटलं, गरज नाही, मी सांगते आईचं उत्तर. ती म्हणाली, “नको ताई. त्यांनाच विचारू दे.”

महिन्याने तो फोन आला तेव्हा मी वाशीमला होते. जे बोलणं झालं ते मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. ज्या निरोपांचं काय करायचं ते एजंटला कळत नाही, त्या ढिगात ते येऊन पडलं होतं. आता तो ढीग मी रोज सकाळी आधी बघते.

एजंटने विचारलं, आवाज ठेवायचा आहे का. त्यावर आई बराच वेळ बोलली नाही. घरातलं भांडं वाजलं, कोंबडी ओरडली. एजंट थांबून राहिला. मग आईचा आवाज आला.

“ठेवा बाई. अन् एक लिहून घ्या. त्या सोमवारी टेप नव्हता अटकला. त्यायले चढ चढता नाही आला. तठी तसं लिहा.”

एजंट म्हणाला, आवाज ठेवला आहे. दुसरी गोष्ट लिहिण्यासाठी माझ्याकडे टूल नाही, मी ती माणसाकडे पाठवते.

मी बाबांच्या विहिरींचं पान उघडलं. शाळेमागची विहीर, त्या सोमवारची रिकामी चौकट. शेवटच्या रकान्यात मोजणी न होण्याचं कारण असतं. तिथे ‘टेप अडकला’ असं होतं. ते खोडून मी लिहिलं, ‘मोजणीदाराला दम लागला.’ जतन केलं. मग आईला फोन लावला आणि लिहिलेलं वाचून दाखवलं.

“हं,” ती म्हणाली. “आता बरोबर हाय.”